पहिलं लिनिअर अल्जेब्रा: कोकणातल्या कॉलेजात हा पेपर कसा पार करायचा

बारावीला मॅट्रिक्सच्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क घेतलेली मुलंसुद्धा पदवीच्या लिनिअर अल्जेब्रात अडखळतात. सुरुवातीचे काही आठवडे सगळं ओळखीचं वाटतं. ओळी वजा करायच्या, शून्यं आणायची, उत्तर काढायचं. मग एके दिवशी फळ्यावर व्हेक्टर स्पेसची व्याख्या येते, नियमांची लांबलचक यादी येते आणि आकडे गायब होतात. तिथून पुढे वर्गात मान डोलवणं सुरू होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून गणितात बी.एस्सी. केलं आणि त्यानंतर ज्युनिअर मुलामुलींना हा पेपर शिकवत आले आहे. माझं म्हणणं एवढंच की या पेपरात हिशेबाची रीत एकच आहे: रो रिडक्शन, म्हणजे ओळी एकमेकींतून वजा करून शून्यं आणणं. स्पॅन, बेसिस, रँक, नल स्पेस हे सगळे शब्द म्हणजे त्याच रीतीने निघालेल्या उत्तराला विचारलेले वेगवेगळे प्रश्न आहेत. हे एकदा ध्यानात आलं की पाठांतर निम्म्यावर येतं. म्हणून खाली मी क्रम थोडा पुस्तकापेक्षा वेगळा लावला आहे आणि शक्य तिथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे.

१. आधी तुमचा पेपर नेमका कोणता ते बघा

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. इंजिनिअरिंगवाल्यांपैकी बरेच जण लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे. विषयाचं नाव सारखं दिसलं तरी मागणी वेगळी असते. इंजिनिअरिंगच्या गणितात भर हिशेबावर: रँक काढा, समीकरणं सोडवा, आयगेनव्हॅल्यू काढा, केली-हॅमिल्टनचं प्रमेय पडताळून दाखवा. बी.एस्सी. गणितात सिद्धता लिहायला लागते. सिनिअरची वही घेण्याआधी ती कुठल्या कोर्सची आणि कुठल्या अभ्यासक्रमाची आहे ते विचारा. अभ्यासक्रम बदलत राहतो आणि जुनी वही डोळे झाकून वापरली की नको ते पाठ होतं, हवं ते राहून जातं.

२. जमवाजमव

- तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून छापलेला. मोबाईलमध्ये नको, कागदावर.
- मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका. कॉलेजच्या ग्रंथालयात फाईल असते, मागायला लाजू नका.
- दोन वह्या. एक हिशेबाची, जाड आणि स्वस्त. दुसरी फक्त व्याख्यांची.
- बारावीचं गणिताचं पाठ्यपुस्तक. मॅट्रिक्स आणि व्हेक्टर हे दोन धडे परत लागतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात.
- कॅल्क्युलेटर. पण परीक्षेला कुठलं मॉडेल चालतं ते आधीच सरांना विचारून ठेवा.
- जिओजेब्रा, आणि ऑक्टेव्ह किंवा सायलॅब. तिन्ही फुकट. जिओजेब्रा चित्रासाठी, बाकीची उत्तर ताडून बघण्यासाठी. पायथन येत असेल तर त्यातली नमपाय ही लायब्ररी पुरेशी आहे.
- एनपीटेलची (आयआयटी वगैरेंची मोफत ऑनलाइन) व्याख्यानं. सडकेवर किंवा वरच्या सड्यावर गेल्याशिवाय रेंज येत नाही अशा वाडीत राहत असाल तर कॉलेजच्या वाय-फायवर बसून आठवड्याची व्याख्यानं एकदम उतरवून घ्या. पावसात लाईट आणि नेटवर्क दोन्ही एकदमच जातात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट: व्याख्यांच्या वहीत व्याख्या इंग्रजीत शब्दशः उतरवा, कारण पेपरात ती तशीच लिहायची आहे, आणि खाली स्वतःच्या मराठीत दोन ओळी लिहा. स्वतःच्या म्हणजे खरंच स्वतःच्या. मालवणीत लिहिलीत तरी तपासायला कोणी येत नाही.

३. गणपती आणि शिमगा धरून वेळापत्रक आखा

हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या सहामाहीत पेपर असेल तर गणपतीत कोकणातलं कॉलेज थंडावतं. घर चाकरमान्यांनी भरतं, आरत्या, भजनं, गौरी, विसर्जन, आणि मग परत अभ्यासाला बसायला मन घेत नाही. अडचण अशी की साधारण त्याच सुमाराला मॅट्रिक्स संपवून व्हेक्टर स्पेस सुरू झालेलं असतं. दुसऱ्या सहामाहीत असेल तर हेच काम शिमगा करतो. सुट्टीआधी व्याख्यांची वही तोवरच्या तासांपर्यंत पूर्ण करा. सुट्टीत नवीन धडा वाचायचा संकल्प करूच नका. रोज एक रो रिडक्शन एवढंच ठेवा. ते पाहुण्यांच्या गर्दीतही होतं.

४. रो रिडक्शन हाताला बसवा

आता उदाहरण. आंब्याच्या पेट्या भरताय. फळाच्या आकाराप्रमाणे चार डझनी, पाच डझनी आणि सहा डझनी अशा तीन प्रकारच्या पेट्या आहेत. एकूण पेट्या २०, एकूण आंबे १०० डझन. कुठल्या प्रकारच्या किती? संख्या अनुक्रमे क, ख, ग मानू.

क + ख + ग = २०
४क + ५ख + ६ग = १००

फक्त आकडे लिहिले की:

१ १ १ | २०
४ ५ ६ | १००

दुसऱ्या ओळीतून पहिलीची चौपट वजा करा: ० १ २ | २०. मग पहिलीतून ही नवी दुसरी वजा करा: १ ० −१ | ०. म्हणजे क = ग, आणि ख = २० − २ग. ग मोकळा आहे, तो ठरवला की बाकीचे ठरतात.

इथे बहुतेक जण 'अनंत उत्तरं' असं लिहून पुढच्या गणिताला जातात. थांबा. उत्तर असं मांडा:

(क, ख, ग) = (०, २०, ०) + ग × (१, −२, १)

पहिला भाग म्हणजे एक साधं उत्तर: सगळ्या पेट्या पाच डझनी. दुसरा भाग म्हणजे अदलाबदल: पाच डझनी दोन पेट्या काढा, त्यांच्या जागी एक चार डझनी आणि एक सहा डझनी ठेवा. पेट्या तेवढ्याच राहतात, डझनही तेवढेच. (१, −२, १) हा व्हेक्टर दोन्ही बेरजांमध्ये काहीच फरक पाडत नाही. असे काहीच फरक न पाडणारे सगळे व्हेक्टर मिळून जे होतं त्यालाच नल स्पेस म्हणतात. पुढे व्याख्या येईल तेव्हा ही पेट्यांची अदलाबदल आठवा.

(खऱ्या पेट्या अर्ध्या किंवा उणे नसतात, म्हणून व्यवहारात ग ० ते १० मधला पूर्णांकच असणार. लिनिअर अल्जेब्रा ही अट बघत नाही, सगळ्या वास्तव संख्या घेतं. उदाहरणं घेताना हा फरक मनात ठेवा.)

या पायरीवरचे सापळे:

- प्रत्येक पायरीशेजारी काय केलंत ते लिहा. चुकलात तर कुठे ते सापडतं, आणि तपासणारा पायऱ्यांचे मार्क देऊ शकतो.
- अपूर्णांक दशांशात बदलू नका. ०.३३ लिहिलंत की जिथे शून्य यायला हवं तिथे ०.०१ येतं आणि रँक चुकते.
- एकाच पायरीत पहिलीतून दुसरी आणि दुसरीतून पहिली वजा करू नका. एक ओळ बदलली की पुढच्या क्रियेला बदललेलीच ओळ घ्यायची.

५. तिसरं समीकरण घालून बघा

आता पैसे आणू. डझनाला सरसकट ५०० रुपये धरले तर पेट्या २०००, २५०० आणि ३००० रुपयांच्या. शंभर रुपयांच्या हिशेबात तिसरी ओळ २० २५ ३० अशी येते. पण ही तर दुसऱ्या ओळीची पाचपट आहे. गिऱ्हाइकाने एकूण ५०,००० दिले म्हणाल तर तिसरी ओळ रिडक्शनमध्ये ० ० ० | ० होते, नवीन माहिती काहीच मिळत नाही. ५१,००० म्हणाल तर ० ० ० | १० येतं, म्हणजे शून्य बरोबर दहा. उत्तरच नाही, कुठेतरी हिशेब खोटा आहे.

प्रत्यक्षात लहान फळ डझनामागे स्वस्त जातं. सहा डझनी पेटी २४०० ला गेली आणि एकूण ४६,४०० आले असं धरा. तिसरी ओळ २० २५ २४ | ४६४. मघाचं क = ग आणि ख = २० − २ग त्यात घाला: ५०० − ६ग = ४६४, म्हणून ग = ६, क = ६, ख = ८. एकच उत्तर.

एक, एकही नाही, किंवा अनंत. चौथी शक्यता नसते. सरावासाठी अशी तीन-तीन समीकरणं स्वतः तयार करा. पुस्तकातली सोडवण्यापेक्षा हवं तसं उत्तर येणारी बनवणं जास्त शिकवून जातं.

६. तीच मॅट्रिक्स उभी वाचा

शाळेपासून आपण समीकरणं आडवी वाचतो. इथे उभं वाचायची सवय लावायला लागते, आणि माझ्या मते सगळ्या पेपरातली सगळ्यात महत्त्वाची सवय हीच.

पहिल्या मॅट्रिक्सचे तीन उभे स्तंभ: (१, ४), (१, ५), (१, ६). प्रत्येक स्तंभ म्हणजे एक पेटी: किती नग, किती डझन. प्रश्न असा होतो: या तीन स्तंभांना कशाने गुणून बेरीज केली की (२०, १००) मिळेल? अशी बेरीज म्हणजे लिनिअर कॉम्बिनेशन. अशा सगळ्या बेरजा मिळून स्पॅन. आणि (१, ६) हा २ × (१, ५) − (१, ४) असा आधीच्या दोघांतून मिळतो, म्हणजे हे तीन स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत. मघाशी मिळालेला (१, −२, १) हाच संबंध सांगत होता. आडव्या हिशेबातून जे निघालं तेच उभं वाचल्यावर परत दिसतं.

रिडक्शननंतर पिव्होट (प्रत्येक ओळीतला शून्य नसलेला पहिला आकडा) पहिल्या आणि दुसऱ्या स्तंभात आले. म्हणून रँक (पिव्होटांची संख्या) २, नलिटी (मोकळ्या चलांची संख्या) १, आणि स्तंभ ३. रँक अधिक नलिटी बरोबर स्तंभांची संख्या, हे रँक-नलिटी प्रमेय. आता ते पाठ करायचं काही उरलं नाही.

सापळा, आणि हा दर परीक्षेत माणसं खातो: कॉलम स्पेसचा, म्हणजे स्तंभांच्या स्पॅनचा, बेसिस (एकमेकांवर अवलंबून नसलेले आणि तो सगळा स्पॅन देणारे व्हेक्टर) मागितला तर पिव्होट कुठल्या स्तंभात आहेत ते रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्सवरून बघायचं, पण स्तंभ मूळ मॅट्रिक्सचे लिहायचे. पाचव्या पायरीतली ५०० रुपये डझनाची मॅट्रिक्स घ्या. तिच्या प्रत्येक स्तंभात तिसरा आकडा दुसऱ्याच्या पाचपट आहे. रिड्यूस केल्यावर पिव्होटचे स्तंभ (१, ०, ०) आणि (०, १, ०) होतात, त्यांत तिसरा आकडा कायम शून्य. दोन्ही प्रतलं वेगळी. रो स्पेसचं (ओळींच्या स्पॅनचं) मात्र उलट: तिथे रिड्यूस केलेल्या ओळी चालतात, कारण ओळींच्या क्रियांनी रो स्पेस बदलत नाही.

७. व्हेक्टर स्पेसला घाबरायच्या आधी

समीकरणं ओळी वजा करून सोडवायची रीत गाउसच्या नावाने ओळखली जात असली तरी चीनमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गणितग्रंथात ती आहे. 'मॅट्रिक्स' हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये दिला, केलीने मॅट्रिक्सच्या बीजगणितावरचा लेख १८५८ मध्ये लिहिला. आणि व्हेक्टर स्पेसची आजच्यासारखी व्याख्या पेआनोने दिली ती १८८८ मध्ये. रीत सापडल्यावर व्याख्या यायला इतका काळ गेला. तुम्हाला ती एका आठवड्यात पचली नाही तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

नियमांची यादी लांब असली तरी सबस्पेस (व्हेक्टर स्पेसच्या आतलीच व्हेक्टर स्पेस) तपासताना तीनच गोष्टी बघायच्या: शून्य व्हेक्टर आत आहे का, दोन व्हेक्टरांची बेरीज आत राहते का, संख्येने गुणून आत राहतं का. पेट्यांवर करून बघा. क + ख + ग = २० ची सगळी उत्तरं सबस्पेस आहेत का? शून्य पेट्या घेतल्या तर २० होत नाहीत. दोन उत्तरांची बेरीज केली तर ४० पेट्या होतात. नाही. पण क + ख + ग = ० ची उत्तरं? आहेत. उजवीकडे शून्य असणं इथे सगळं ठरवतं.

सबस्पेस नाही हे दाखवायला आकड्यांचं एक उदाहरण पुरतं. आहे हे दाखवायला मात्र कितीही उदाहरणं दिलीत तरी पुरत नाहीत, तिथे कुठलेही दोन व्हेक्टर घेऊन लिहायला लागतं. अर्धे मार्क इथेच जातात.

८. सिद्धता लिहायची कशी

बी.एस्सी.वाल्यांनी ही पायरी टाळू नये, बाकीच्यांनी चाळली तरी चालेल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार: हे व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट आहेत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे दाखवा. सुरुवात नेहमी एकाच वाक्याने: समजा या व्हेक्टरांना काही संख्यांनी गुणून केलेली बेरीज शून्य आहे. मग दिलेली माहिती वापरायची. शेवट: म्हणून त्या सगळ्या संख्या शून्य आहेत. पुष्कळ मुलं उलटं लिहितात, की सगळ्या संख्या शून्य घेतल्या तर बेरीज शून्य येते, म्हणून इंडिपेंडंट. ते तर कुठल्याही व्हेक्टरांना लागू आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

अडलात की व्याख्यांची वही उघडा आणि प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाच्या जागी त्याची व्याख्या लिहा. पहिल्या वर्षाच्या बऱ्याचशा सिद्धता एवढ्यानेच अर्ध्या होतात. एकमेकांना समजावणं हा दुसरा उपाय. कॉलेज सुटल्यावर एसटीची वाट बघत स्टँडवर जो वेळ जातो तो याला उत्तम आहे. वहीशिवाय समोरच्याला बेसिस म्हणजे काय ते सांगायचं. अडखळलात ती जागा कच्ची.

९. डिटरमिनंटवर फार वेळ घालवू नका

दहावीला क्रेमरची पद्धत शिकलो, त्यामुळे डिटरमिनंटवर आपलं प्रेम असतं. क्रेमरने ती १७५० मध्ये मांडली, दोन-तीन चलांना ती छान आहे. पण १० × १० चा डिटरमिनंट विस्ताराने काढायचा तर ३६,२८,८०० पदं येतात. रो रिडक्शनला तीन-चारशे गुणाकार पुरतात. शिवाय डिटरमिनंट शून्य आला की क्रेमर गप्प बसतो: उत्तरच नाही की अनंत आहेत, ते सांगत नाही. पाचव्या पायरीतली पहिली मॅट्रिक्स घ्या, डिटरमिनंट ०. शेवटची घ्या, −६, म्हणून एकच उत्तर. डिटरमिनंटकडून एवढंच काम करून घ्या.

गुणाकाराबद्दल इथेच सांगते: अ × ब आणि ब × अ सारखे असतातच असं नाही, आणि अ × ब शून्य आला म्हणून दोघांतला एक शून्य असतो असंही नाही. पहिली ओळ ० १ आणि दुसरी ० ० अशी मॅट्रिक्स घेऊन तिचा वर्ग करून बघा.

१०. आयगेनव्हॅल्यू आणि शेवटचे आठवडे

हा भाग बहुधा घाईत शिकवला जातो आणि पेपरात हमखास असतो. मॅट्रिक्सने गुणल्यावर बहुतेक व्हेक्टर दिशा बदलतात. जे आपल्याच रेषेवर राहतात, फक्त लांब-आखूड किंवा उलटे होतात, ते आयगेनव्हेक्टर. किती पट झाले ती आयगेनव्हॅल्यू. ओळी २ १ आणि १ २ असलेली मॅट्रिक्स घ्या: (१, १) चा (३, ३) होतो, (१, −१) तसाच राहतो. आयगेनव्हॅल्यू ३ आणि १. जिओजेब्रात हे चित्र काढून व्हेक्टर फिरवून बघा, मग समीकरणाकडे वळा.

आधीच्या पायऱ्यांमुळे इथे एक खास सापळा तयार होतो. रो रिडक्शनची इतकी सवय झालेली असते की मुलं आधी मॅट्रिक्स रिड्यूस करतात आणि कर्णावरचे आकडे आयगेनव्हॅल्यू म्हणून लिहितात. वरच्या मॅट्रिक्सच्या दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली की कर्णावर २ आणि १.५ येतात, ३ आणि १ नाही. ओळींच्या क्रियांनी आयगेनव्हॅल्यू बदलतात. रिडक्शन करायचं ते नंतर, कर्णावरच्या आकड्यांतून लॅम्डा (म्हणजे आयगेनव्हॅल्यू) वजा केल्यावर, आयगेनव्हेक्टर काढताना. तिथे परत तुम्ही नल स्पेसच काढत असता.

ताळा सोपा आहे: आयगेनव्हॅल्यूंची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी (३ + १ = २ + २), गुणाकार डिटरमिनंटइतका (३ × १ = ४ − १). आणि शून्य व्हेक्टर कधीही आयगेनव्हेक्टर नसतो. उत्तर म्हणून तो आला तर आयगेनव्हॅल्यूच चुकली आहे, मागे जा.

शेवटचे दोन आठवडे फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पुस्तक बंद. समीकरणांची उत्तरं मूळ समीकरणांत घालून बघा, इन्व्हर्स गुणून बघा. ऑक्टेव्ह इथे ताडायला वापरा, सोडवायला नको.

पुढे एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम द्यायचा विचार असेल तर गणिताच्या पेपरात व्हेक्टर स्पेस, रँक-नलिटी, आयगेनव्हॅल्यू हा सगळा भाग परत येतो. व्याख्यांची वही तोवर वाळवीपासून आणि धाकट्या भावंडांपासून जपा.